यकृत कुठल्या बाजूला

"...पण मी चुकलो कुठे, ते तरी सांगाल का?"

हृषीकेश भडकमकर डिसेक्शन हॉलमध्ये उभा होता आणि आडनावाला जागून भडकला होता. समोर शरीररचना विभागाच्या प्रमुख डॉ. तारामती किणीकर. दोघांच्या मध्ये स्टीलचं टेबल, टेबलावर देहदान केलेले एक गृहस्थ, पांढऱ्या चादरीखाली. तिघांत शांत तेवढे तेच.

किणीकर बाईंच्या रागाबद्दल आमच्या कॉलेजात काय काय सांगतात. एकदा त्या ओरडल्या तेव्हा कपाटातल्या सांगाड्याने हात जोडले. ते जोडलेले हात मी स्वतः पाहिलेत. तारेने बांधलेले होते, ही बारीकशी गोष्ट सोडा.

तर, एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुलाखत सकाळी ह्याच टेबलापाशी झाली होती. पोटापुरती चादर दुमडलेली, बाकी सगळं झाकलेलं. बाईंनी यकृत दाखवायला सांगितलं.

पोरगा विद्यापीठात पहिला आलेला. त्याने लगेच बोट ठेवलं. यकृताचे भाग सांगितले, रक्तवाहिन्या सांगितल्या, न विचारलेलंही सांगितलं.

कुठल्या बाजूला आहे, बाईंनी विचारलं. उजव्या, तो म्हणाला. नीट बघून सांग, बाई म्हणाल्या. त्याने नीट बघितलं, पण बाईंकडे. उजव्याच.

तुझ्या उजव्या की त्यांच्या?

ह्यावर त्याने बाईंनाच शिकवलं. शरीररचनेत उजवं म्हणजे देहाचं उजवं, बघणाऱ्याचं नव्हे; हे म्हणे पहिल्या दिवशी सांगतात.

दुपारी निकाल कळला. नाही.

बाकी सगळीकडचे प्रवेश संपले होते. इथे नाही म्हणजे वर्ष गेलं. म्हणून तो परत हॉलमध्ये घुसला होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता. बाईंना उलट बोललेलं खपत नाही, बाईंनी जागा आधीच कुणाला तरी देऊन ठेवली असणार, वगैरे. शेवटी म्हणाला, मला झोपेतून उठवून विचारा, यकृत मी उजवीकडेच सांगेन.

"झोपेतच सांगितलंस," बाई म्हणाल्या.

...

बाईंनी त्याच्या अंगावर हातमोजे फेकले. घाल म्हणाल्या. ज्या बाजूला यकृत दाखवलंस, त्या बाजूला जाऊन उभा राहा.

तो पाय आपटत गेला. बाईंनी चादरीखालून गृहस्थांचा त्या बाजूचा हात बाहेर काढला.

"शेकहँड कर."

"काय?"

"यकृत उजवीकडे. म्हणजे हा ह्यांचा उजवा हात. तुझाही उजवाच पुढे कर. दोन सभ्य माणसं भेटली की करतात तेच करायचंय. तुला जमणार नसेल तर तसं सांग."

त्याने रागारागाने हात पुढे केला. हातात हात बसेना. अंगठ्यापाशी करंगळी येत होती. त्याने मनगट वळवलं, कोपर वर घेतलं, अंगच वाकडं केलं. फॉर्मलिनने ताठलेल्या बोटांत आपली बोटं घुसवून बघितली...

मग तो थांबला. आधी त्या अंगठ्याकडे बघितलं, मग पोटाकडे. मग परत अंगठ्याकडे.

"हा डावा आहे," तो म्हणाला.

दहा हजारांत एखाद्याच्या शरीरात सगळं आरशातल्यासारखं असतं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. ते त्यालाही पाठ होतं. तरी पोराने सकाळी भल्या माणसाचा डावा हात उजवा करून टाकला होता, पण पुस्तक काही चुकू दिलं नव्हतं.

कळल्यावर माणूस नरमतो असं आपल्याला वाटतं. हा आणखीच पेटला. मुलाखतीला असली बॉडी ठेवतात का, हा सापळा आहे, असं कुणीही फसेल.

"ह्याचं सगळंच उलटं आहे," तो म्हणाला.

आता बाई खरोखर चिडल्या. आवाज चढला नाही, उतरला. त्या आवाजाला मी दाराआड असूनही घाबरलो.

"ह्यांचं. ह्याचं नाही," त्या म्हणाल्या. "ह्याच यकृतावर हे जन्मभर जेवले. पोरंबाळं वाढवली, लग्नाकार्यांत पंगतीला बसले. त्यांना कधी काही उलटं वाटलं नाही. गेल्यावर स्वतःच्या मर्जीने इथे आले, कुणीतरी आत डोकावून बघावं म्हणून. आणि तू आलास तो सांगत सुटलास."

...



"चुकलो, मॅडम," तो म्हणाला. "माफ करा."

"माझी कशाला मागतोस? ज्यांचा हात धरलायस, त्यांची माग."

तो खाली वाकला आणि चादरीपाशी काहीतरी पुटपुटला. काय, ते मला ऐकू आलं नाही. त्यावर गृहस्थ काय म्हणाले, ते मी एरवी सांगतो. आज राहू दे.

मग तो सरळ झाला आणि हात सोडवायला लागला. निघेना. हातमोजा त्या ताठ बोटांत अडकला होता. ओढावं तसा जास्तच रुतत होता. आणि जोरात हिसका द्यायला, सकाळी दिला असता तसा, त्याचा हात आता धजत नव्हता.

बाई दाराकडे निघाल्या होत्या.

"मॅडम... माझा प्रवेश?"

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"त्यांना विचार. त्यांनी सोडलं, तर जा घरी."