महाराजांनी खाल्लेलं तळं

“पावसाआधी परीटआळी उठवा! सगळ्यांना माळावर नेऊन बसवा!”

सोनखडीच्या भूपतराव महाराजांनी हे फर्मान सोडलं, कारण त्यांचा जरीचा अंगरखा परत आला होता. गेल्या श्रावणात ओढ्याला पूर आला, परीटआळीत पाणी शिरलं आणि धुवायला गेलेला अंगरखा वाहत वाहत थेट शेजारच्या राज्यात पोचला. तिथल्या राजानं तो पाडव्याचा मुहूर्त साधून, छान घडी घालून परत पाठवला. सोबत निरोप होता, “अंगरखा येऊन गेला. आपण स्वतः कधी येताय?”

दरबारात कुणी हसलं नाही. प्रधानजींना मात्र एकदम मोठा ठसका लागला.

परीटआळीच्या तोंडचं पाणी पळालं. माळावर प्यायला थेंब मिळायची मारामार, तिथं धुणार काय? शेवटी धोंडू परटाची सून गोजरा पदर खोचून दरबारात उभी राहिली.

“महाराज, पुरात आमचा काय दोष? तुमचं तळं भरलेलं असतं, म्हणून पाणी आमच्या घरात शिरतं!”

हे तळं वाड्यामागच्या टेकाडावर होतं. महाराजांच्या आजोबांनी ते पाणचक्कीसाठी खोदलं होतं. ओढ्यापासून टेकाडापर्यंत एकावर एक रहाट बसवलेले. शेतात काम नसलं की बैल जुंपायचे आणि ओढ्याचं पाणी वर चढवून ठेवायचं. दळण आलं की तळ्याची मोरी उघडायची. पाणी जोरात खाली येई, चक्की गरागरा फिरे आणि पाणी पुन्हा ओढ्याला मिळे.

मग भूपतराव गादीवर आले आणि त्यांना तळ्यात आपला वाडा दिसला. उलटा दिसला, पण काय दिसला! त्यांनी मोरीला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. तेव्हापासून तळं काठोकाठ, चक्की बंद आणि गावच्या बायका जात्यावर. पाण्यात बुडालेला वाडा महाराज रोज सकाळी कौतुकानं बघत. पाण्यात बुडालेली परीटआळी बघायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही.

“फार अक्कल आहे ना तुला?” महाराज गरजले. “मग यंदा पूर आळीत शिरू देऊ नकोस! भिंत बांधायची नाही, ओढा वळवायचा नाही. आणि दसऱ्याला पाहुणे येतील तेव्हा माझं तळं काठोकाठ भरलेलं हवं! जमलं तर आळी राहील. नाहीतर चला माळावर!”

“जमंल की! तेवढी किल्ली द्या.”

“किल्ली? ती कशाला?”

“पूर वर चढवायचा, तर वर जागा नको व्हय?”

“म्हणजे तळं रिकामं करायचं?” प्रधानजींनी कानांवर हात ठेवले. “शिव शिव! रिकामं म्हणजे अशुभ!”

“मग प्रधानजी, तुम्ही जेवताना ताट भरलेलंच ठेवता?”

प्रधानजींनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि कानांवरचे हात खाली घेतले. महाराजांचा हात मात्र किल्लीवरून हलेना.

गोजरा म्हणाली, “महाराज, ओढा दरसाल आमच्याकडं पाव्हणा येतो. पार चुलीपातूर येतो! तुमच्याकडं कधी आला?”

“नाही आला.”

“कसा येईल? तुमच्याकडं त्याला बसायला जागा कुठं हाय?”

महाराजांना हे फारच लागलं. ओढा परटाकडे जातो आणि राजाकडे येत नाही? त्यांनी किल्ली काढून फेकली!

गोजरानं मोरी उघडली आणि चक्की घरघरू लागली. वैशाख-ज्येष्ठात साऱ्या गावाचं दळण तिच्यावर झालं. वाड्याचंही झालं. उन्हाळ्यातला ओढा रोडावलेला, त्यानं चक्कीखालचं पाणी निमूट वाहून नेलं. तळ्यात उरला चिखल आणि एक बेडूक. महाराजांनी एकदा खिडकीतून पाहिलं, वाड्याच्या जागी बेडूक दिसला आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

श्रावण आला आणि ओढा फुगला. गोजरानं हाळी दिली. यंदा ज्या घरांतली जाती कोपऱ्यात पडून होती, त्या घरांतल्या बायकांनी आपले बैल पिटाळले. एक जोडी दमली की दुसरी! रहाट करकरत होते, पाणी टेकाड चढत होतं, आणि तरीही ओढा वाढतच होता. तो आळीच्या तोंडाशी आला. मग धोंडूच्या उंबऱ्याला लागला. सासूनं देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले. गोजरानं मात्र रहाट थांबू दिले नाहीत.

उंबऱ्याशी पाणी थबकलं. बराच वेळ तिथंच राहिलं. मग हळूहळू उतरलं.

दसऱ्याला तळं काठोकाठ होतं! पाहुणे आले, त्यात तो शेजारचा राजाही होता. सगळे वा वा म्हणत होते. पण महाराजांना हार कुठली सोसायला!

“गोजरा, हे पाणी गढूळ आहे! माझा वाडा मळकट दिसतोय! माझं पहिलं, काचेसारखं पाणी कुठं गेलं?”

“ते व्हय? ते तुम्हीच खाल्लंत, महाराज!”

“मी? तळं खाल्लं?”

“उन्हाळाभर ज्या पोळ्या हाणल्यात, त्यांचं पीठ कुणी दळलं? त्याच पाण्यानं! गावानंबी खाल्लं, पण तुमच्याइतकं कुणी न्हाई.”

शेजारचा राजा खो खो हसला. प्रधानजींना पुन्हा ठसका लागला. महाराजांनी कमरेच्या घट्ट झालेल्या शेल्याला हात लावून पाहिला, आणि मग तेही असे हसले की तळ्यातला मळकट वाडा हललाच!

“परीटआळी आहे तिथंच राहील!” ते म्हणाले. “किल्लीही तुझ्याकडेच असू दे. दरसाल पावसाआधी तळं रिकामं करत जा.”

आणि त्यांनी जरीचा अंगरखा काढून तिच्या हातात दिला. “हा तुला बक्षीस!”

“नको, महाराज,” गोजरा म्हणाली. “ह्याला पळून जायची सवय हाय. बक्षीस म्हणून चार बैल द्या!”