पाऊल न वाजणारा भिवजी हलकारा

फार वर्षं झाली. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता, तार नव्हती. सांगावा जायचा तो माणसाच्या पायानं. शिळवटचा हलकारा निरोप घेऊन घाट उतरायचा आणि खालच्या चौकीवरच्या हलकाऱ्याच्या हाती द्यायचा.

शिळवटच्या हलकाऱ्यांची एक खोड होती. धावताना टाच अशी आपटायची, की चौकीवर धपधप ऐकू गेली पाहिजे. ती ऐकून खालचा गडी उठून तयार राहायचा. पुढं पुढं आवाज मोठा तो गडी मोठा, असंच होऊन बसलं. गाव याला मर्दुमकी म्हणायचं. मूर्खपणा, दुसरं काय. मिशीत पांढरा केस यायच्या आत हलकाऱ्याचे गुडघे जायचे, आणि मग जन्मभर निरगुडीचा पाला बांधून चावडीच्या ओट्यावर बसायचं.

त्या ओट्यावर सटवाजी बसायचा. त्याचा मुलगा भिवजी बापाच्या जागी धावायला लागला. धावण्याइतकं गोड त्याला दुसरं काही लागत नव्हतं. सणाची पोळी ताटात टाकून निरोपाला उठायचा. पण थोड्याच उन्हाळ्यांत त्याचाही गुडघा सुजला. घाटातल्या कातळावर तो पाय धरून बसला. ओट्यावरची बापाच्या शेजारची जागा त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि गडी पार खचला.

तेवढ्यात वरून लखाबाई आली. धनगरवाड्यावरची म्हातारी, डोक्यावर दुधाचं मडकं, बाजार गाठायचा म्हणून पळत उतरत होती. मडक्यातली साय हलत नव्हती, असं म्हणतात.

"काय रे, वाट अडवून बसलास?"

"आजे, गुडघा गेला."

"जाईल नाही तर काय. तू पळतोस का खुंट ठोकतोस? आमची रेडकं दचकतात."

"आमच्यात असंच पळतात."

"मग तुमच्यात असंच लंगडतात. ऊठ, चल वाड्यावर."

सूज उतरेपर्यंत तिनं त्याला एक पाऊल धावू दिलं नाही. मग मडकं पाण्यानं काठोकाठ भरलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. "पाय पुढं फेकू नको, अंगाखाली टाक. पावलं आखूड घे. गुडघा ताठ करू नको. आणि पायाकडं काय बघतोस, ते कुठं पळून चाललेत? वाटेकडं बघ."

सुरुवातीला भिवजी रोज नखशिखांत भिजायचा आणि वाड्यावरच्या बाया पोट धरून हसायच्या. हळूहळू अंग कोरडं राहायला लागलं. धपधप थांबली, तसा ठणकाही थांबला. वाळक्या पाल्यावरून गेला तर पाला वाजेना. झोपलेल्या सशावरून उडी मारून जायचा आणि ससा नुसती कूस बदलायचा, असं म्हणतात.

गावाला मात्र ते रुचलं नाही. चौकीवरचा गडी भाकरी खात बसलेला असायचा आणि भिवजी एकदम समोर उभा. घास घशात. तक्रार पाटलांकडं गेली.

"हलकारा आहेस का चोर?" पाटील म्हणाले. "जत्रेला आपल्या दुसऱ्या हलकाऱ्याबरोबर, धोंडजीबरोबर घाट उतर. जो आधी पोचेल त्याचं काम."

सटवाजी गुरगुरला, "आपल्या घरात मांजरासारखं कुणी पळालं नाही. लाज आणलीस."

 भिवजी हरला तर पाय धड असून घरी बसायची पाळी होती.

जत्रेच्या दिवशी गाव चौकीपाशी जमलं. सटवाजीला डोलीत घालून आणलं. वरून धोंडजीची धपधप यायला लागली. डोंगर दणाणला, झाडांवरचे होले उडाले. लोक माना वर करून बघत राहिले. मग कातळापाशी आवाज एकदम तुटला.

"गुडघा गेला," सटवाजी म्हणाला. त्याला ते न बघता कळत होतं.

"आणि भिवजी कुठं राहिला?" पाटलांनी विचारलं.

"मी कवाच आलोय, पाटील."

लोकांनी मागं वळून बघितलं. भिवजी रांजणातलं पाणी पीत होता. पाणी पिऊन तो परत घाट चढला आणि धोंडजीला पाठीवर घेऊन धावत उतरला. दोन माणसांचं ओझं, तरी पाऊल वाजलं नाही, असं म्हणतात.

सटवाजी पोराच्या गुडघ्यांकडं बघत राहिला, मग स्वतःच्या. "हे मला कुणी सांगितलं कसं नाही," एवढंच म्हणाला.

पाटलांनी लखाबाईला लुगडं दिलं. चौकीवरचा गडी भाकरी आधीच खाऊन घ्यायला शिकला. भिवजीला नातवंडं झाली तरी तो धावत होता. मग एका सकाळी निरोप घेऊन निघाला, तो कुणाला परत दिसला नाही. मेला असं शिळवटात कुणी म्हणत नाही. धावतोय म्हणतात.

आजही तिथं जत्रेला शर्यत होते. पंच वाटेकडं पाठ करून बसतात. ज्याच्या पायाचा आवाज आला तो बाद, मग पहिला का येईना. परगावची पोरं हसत येतात, पाय आपटत पळतात आणि तोंड पाडून घरी जातात. पण शर्यत सुटायच्या आधी पंच थोडा वेळ कान देऊन बसतात. कुणालाच काही ऐकू येत नाही. मग थोरला पंच उठतो आणि पोरांना सांगतो, "भिवजी येऊन गेला. आता दुसऱ्या नंबरासाठी पळा."