मुका ठरवलेला स्पीकर

लॅपटॉप विटेएवढे जाड होते तेव्हाची गोष्ट. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या एका लॅपटॉपचा आवाज गेला. मालकीण शालनताई म्हणाल्या, "स्पीकर मुका झालाय मेला. उद्या उपटून टाकते."

आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणाऱ्या साउंडकार्डाचे स्पीकरने पाय धरले. "साहेब, आवाज माझ्याकडे सोडा हो! माझा जीव जाईल."

"मी तो टीव्हीची वायर जोडायच्या पोर्टकडे पाठवतो. टीव्ही म्हणजे बडं प्रस्थ."

"पण तिथं टीव्ही जोडलेलाच नाही!"

"उद्या जोडला तर? तुझ्यासाठी मोठ्यांची नाराजी ओढवून घेऊ?"

स्पीकर भंगारात गेला. नवा आला, तोही गप्प. "हाही मुकाच!" शालनताई कडाडल्या. साहेबांकडे बोट दाखवायचं कोणाला सुचलंच नाही. ते रिकाम्या पोर्टला मुजरा करत आवाज पाठवतच राहिले.