दोऱ्यांचं माप

एकदा एका गावात सकाळपासून असा भणभणता वारा सुटला होता, की कडी लावली तरी दार थरथरत राही. कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हादूचं तर नव्हतंच.

म्हादू हा एका वृद्ध खेळकऱ्याचा शिष्य. बारा वर्षं तो त्यांच्यापाशी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ शिकत होता. त्यांना तो आबा म्हणे. आबांचे हात आता कापत. देवळापुढचा वर्षाचा खेळ आज संध्याकाळी म्हादूनं प्रथमच एकट्यानं करायचा होता. आणि आजच एक व्यापारी आबांचा निर्णय ऐकायला येणार होता.

व्यापारी मनाचा वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. जुन्या कलेच्या वस्तू जपण्याचा त्याला ध्यास होता. काल तो म्हणाला होता, "आबा, तुमच्या अकरा बाहुल्या मला द्या. काचेच्या कपाटात ठेवीन, एक दोरी हलू देणार नाही. तुमच्यामागे इथं त्यांची काय दशा होईल, विचार केलात का?" आणि बोलता बोलता त्यानं म्हादूकडे पाहिलं होतं. आबा एवढंच म्हणाले, "उद्या सांगतो."

ती नजर म्हादूच्या मनात कुसळासारखी रुतून बसली. बाहुल्या गेल्या, तर आपल्या बारा वर्षांचं काय? आणि राहिल्या, तर आबांसारखा खेळ आपल्याला कुठं येतो? राजाची चाल काही केल्या जमत नव्हती. म्हादू ताडमाड उंच, आबा ठेंगणे, आणि दोऱ्या आबांच्या मापाच्या. म्हादू ताठ उभा राहिला की राजा वीतभर अधांतरी लोंबे. म्हणून तो गुडघे मोडून, पाठीला बाक देऊन खेळवी. हळूहळू ती सवयच जडली. रस्त्यानंही तो वाकूनच चाले. पण गुरूच्या हातच्या गाठीला बोट लावणं त्याला पाप वाटे.

तो आबांच्या ओसरीवर चढला आणि जागीच थिजला. अकरा बाहुल्या ओळीनं आडव्या पडल्या होत्या. एकीलाही दोरी नव्हती. आबांच्या मांडीवर कात्री होती.

"आबा! हे काय केलंत?"

"कात्रीला धार नाही रे. हत्तीपाशी फार वेळ गेला."

"संध्याकाळी खेळ आहे! मला द्यायच्या नव्हत्या तर तसं सांगायचं होतं. शेटजींना द्यायच्या होत्या. पण हे..."

तेवढ्यात व्यापारी आला. त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, यांचा अर्धा जीव त्या गाठींत होता!"

"म्हणून तर तुमच्यासाठी बाजूला काढल्यात," आबा म्हणाले आणि कापलेल्या दोऱ्यांचं गाठोडं त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हादूकडे वळून सावकाश बोलू लागले.

"माझे गुरू तुझ्यासारखेच उंच. ते गेल्यावर पाच वर्षं मी पेटीवर चढून खेळ केला. एकदा रंगात आलो आणि राणीला घेऊन थेट लोकांत कोसळलो. लोक पोट धरून हसले. मला मात्र वाटलं, गुरू गेले, तरी मी अजून त्यांच्याच उंचीवर चढून उभा आहे. त्या दिवशी दोऱ्या कापल्या. फार रडलो रे. गुरूला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटलं. ते तुझ्या वाट्याला नको, म्हणून आज मीच कापल्या. लाकूड माझ्यामागे राहील, गाणी राहतील. पण चाल दोरीतून येते, आणि दोरी ज्याच्या त्याच्या उंचीची लागते."

दार वाऱ्यानं खडखडत होतं.

"शेटजी, तुम्हाला लिहिता येतं. लिहा. दहा बाहुल्या म्हादूच्या. गाणी मागेल त्याची. अकराव्या बाहुलीच्या, साधूच्या, मानेत भुंगा शिरलाय, तो आता नाचायचा नाही. तो आणि या दोऱ्या तुमच्या कपाटात. घर माझ्या मुलाला. त्याला बाहुल्यांची लहानपणापासून भीती वाटते, त्यांचं ओझं त्याच्यावर नको. आणि एक अट घाला. हात कापू लागले की म्हादूनं आपल्या दोऱ्या आपणच कापायच्या, आणि बाहुल्या पुढच्याला द्यायच्या."

कागद झाला. आबांनी अंगठा उठवला.

"आता ताठ उभा राहा," ते म्हणाले. म्हादू उभा राहिला.

"अजून."

"एवढाच आहे, आबा."

"खोटं बोलू नकोस. अजून थोडा."

म्हादूची पाठ कडकन वाजली. व्यापाऱ्यानं गाठोडं बाजूला ठेवलं, खाली बसून नव्या दोरीचं टोक राजाच्या खांद्याशी धरलं, आणि म्हादूनं पहिली गाठ मारली. शेवटची मारली तेव्हा देवळात घंटा वाजत होती.

वारा संध्याकाळीही पडला नाही. पडदा फडफडला, राजा एकदा अडखळला. मग चालू लागला. आबांच्या राजासारखा तुरुतुरु नव्हे, लांब लांब ढांगा टाकत. जन्मात प्रथमच आबा पडद्याच्या पुढे बसले होते. त्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते.

खेळ आटोपून म्हादू घरी निघाला. शेजारच्या शेवंताकाकू वाऱ्यानं उडालेलं लुगडं कुंपणावरून ओढून काढत होत्या. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! म्हादू, तू एवढा उंच आहेस होय रे?"