बुरूड आळीतली रेषा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मोजणीदार होता. एका साध्याशा सकाळी तो अंगणात मोजणीच्या साखळीला तेल लावत बसला असताना दवंडी आली. गावाचे पाच भाग पाडायचे, प्रत्येक भागाने आपला एक पंच निवडायचा. नकाशा आठ दिवस चावडीवर टांगायचा आणि कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्यायची.

मोजणीदाराने मन लावून नकाशा काढला. पाचही भागांत माणसं सारखी. जिथे रस्ता दिसला, तिथून हद्द नेली. सगळे मोजणीदार तसंच करतात.

सातव्या दिवशी बुरूड आळीतली एक म्हातारी काखेत सूप घेऊन चावडीवर आली.

"यात माझं घर कुठंय, बाबा?"

त्याने बोट ठेवून दाखवलं.

"आणि समोरच्या पारूचं?"

"ती दुसऱ्या भागात, आजी."

"का? तिनं काय केलं?"

मोजणीदाराला हसू आलं. "तिनं काही नाही केलं. मधे रस्ता आहे ना."

"तू मोजायला आलास तेव्हा आम्ही डोंगरात बांबू तोडायला गेलो होतो. रिकामी आळी रस्त्यासारखीच दिसते. आज चल."

तो गेला. आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. लांबच लांब बांबू या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत आडवे पडलेले. एक जण इकडून चिरत होता, दुसरा समोरून टोक धरत होता.

"माझं टोक आमचे हे धरायचे," म्हातारी म्हणाली. "ते गेल्यापासून पारू धरते."

मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "ओढ्यावर साकव हवा म्हणून बारा वर्षं सांगतोय. दर पावसाळ्यात आम्ही अलीकडेच अडकतो. सगळे एका भागात असलो तर आमचं माणूस चावडीत बसेल. निम्मे इकडे, निम्मे तिकडे झालो, तर दोन्हीकडे आम्ही थोडेच."

मोजणीदार पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "आहे ते राहू दे. चूक कबूल केलीस, की उद्या गावातलं प्रत्येक बांधाचं भांडण तुझ्या दारात. वीस वर्षांचं नाव घालवशील."

आठव्या दिवशी चावडी भरली. म्हातारीने हरकत सांगितली. पाटलाने मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदाराने पागोटं सारखं केलं, घसा साफ केला आणि तो म्हणाला, "हरकत खरी आहे. रेषा मी चुकीची ओढली."

"वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि चावडी हसली.

रेषा घरांच्या पाठीमागून गेली. निवडीच्या दिवशी बुरूड आळीतलं एकही माणूस डोंगरात गेलं नाही. पारू पंच झाली आणि पावसाआधी ओढ्यावर साकव उभा राहिला. पाटील म्हणाला तसं झालंही. तीन जण जुनी भांडणं घेऊन आले. मोजणीदाराने तिन्ही बांध पुन्हा मोजले. दोन बरोबर निघाले, एक चुकला होता, तो त्याने सरळ केला. त्यानंतर लोक मोजणीला आधीपेक्षा निर्धास्तपणे त्यालाच बोलावू लागले.

तो म्हातारीकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, तुम्ही आला नसता तर मी आयुष्यभर ती रेषा बरोबर समजत राहिलो असतो."

"ते राहू दे," ती म्हणाली. "कोष्टी आळी पाहिलीस का? तेही विणायच्या सुताचा ताणा रस्त्यातच पसरतात. तिथंही तुझी रेषा मधूनच गेलीय."

"त्यांची हरकत आली नाही, आजी."

"मग तू जाऊन विचार."

तात्पर्य: आपली चूक दाखवायला जो दारात येतो त्याचे उपकार मानावेत, आणि जो येत नाही त्याच्या दारात आपण जावं.

कोष्टी आळीत मात्र मोजणीदार कधी गेलाच नाही.