दुसरा पाणवठा

त्या रानात पाण्याचा दुष्काळ होता, पाण्याच्या बातम्यांचा मात्र सुकाळ. जो नवा पाणवठा वडाखाली जाहीर करी, त्याला वडाची आणखी वरची फांदी मिळे. बातमी पारखायचं काम घुबडाकडे होतं. त्याला दिवसा दिसत नसे, पण मान छान डोलावता येई.

टिटवीने उन्हातान्हात वणवण करून टेकडीआड एक डबकं शोधलं. पाणी रोज किती आटतं ते ती काठावर बसून पाहत राहिली. भोळी बिचारी, भेटायला आलेल्या कोतवाल पक्ष्याला म्हणाली, "दादा, पाणी आहे, पण पावसापर्यंत पुरायचं नाही. नीट खात्री करते, मगच सांगते."

कोतवाल नकलेत पटाईत. त्याने वडाखाली तिचीच बातमी स्वतःची म्हणून सांगितली, 'पुरायचं नाही' एवढं गाळून. पुढे तेच डबकं त्याने 'पळसापलीकडचं' म्हणून सांगितलं, मग 'खडकाखालचं' म्हणून. घुबडाने दर वेळी मान डोलावली. कोतवाल शेंड्यावर जाऊन बसला.

टिटवी धावत आली. "अहो, डबकं एकच आहे! आणि ते मी शोधलंय!"

"बाई, हे कोतवालांनी कधीच सांगितलंय," घुबड म्हणालं. "दुसऱ्याचं उचलताना लाज नाही वाटत?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" सगळं रान हसलं. टिटवीला रडूच कोसळलं.

हरणांचा कळप खरं तर दूरच्या नदीकडे निघाला होता. जवळच तीन पाणवठे आहेत म्हटल्यावर तो टेकडीआडच्या डबक्यावरच थांबला. टिटवीने म्हाताऱ्या हरिणीची विनवणी केली, "ताई, नदीकडे जा गं. पाडसं वाचतील."

"अगं, एक आटला तर दुसरा आहे ना!" हरिणी म्हणाली.

टेकडीआडचं डबकं लवकरच आटलं. कळप कोतवालाच्या सांगण्याप्रमाणे टेकडीला लांबून वळसा घालत पळसाच्या वाटेने निघाला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. "अपशकुनी मेली," हरणं म्हणाली आणि चालत राहिली. वाटेत पाडसं एकेक करून बसली, ती उठलीच नाहीत.

अखेर पळस मागे पडला आणि दुसरा पाणवठा आला. पाणी नव्हतं. भेगाळलेल्या चिखलात खुरांचे ठसे वाळले होते. हरिणीने एका ठशात पाय ठेवला. तो बरोब्बर बसला.

शेजारीच एक इवलासा ठसा होता. हरिणीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.