पेवातले पाहुणे

कृष्णाकाठच्या नांदवळी गावात, घाटाच्या वरच्या अंगाला, आनंदगीर महाराजांचा मठ होता. मठ कसला, चार खांबांची पडवी, मध्ये महादेवाची पिंड आणि कोपऱ्यात महाराजांची घोंगडी. त्या घोंगडीवर बसून महाराज येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारायचे, "जेवलास का?" नाव, गाव, काम, सगळं नंतर.

त्या मठात पाणी भरायची सगुणा कोळीण. तिचा नवरा आदल्या वर्षी पैलतीरच्या फौजेशी लढताना पडला होता. तो गेला आणि घरी परत आला तो फक्त त्याचा तांब्या, एका अंगाने चेपलेला, काठाला कथलाचा डाक लावलेला. सगुणा तो उशाशी घेऊन निजायची.

लढाई अजून चालूच होती. वैशाखात ठाण्याचे हवालदार हैबतराव यांनी पैलतीरचे पाच-सहा शिपाई पकडून आणले आणि सरळ रिकाम्या पेवात सोडले. नांदवळीची पेवं म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठारं. तोंड एवढंसं, की माणूस कसाबसा उतरेल, आत मात्र खोलीएवढी जागा. पेवाचं एक भय लहान पोरालाही ठाऊक होतं. झाकण बंद राहिलं की आतली हवा मरते. म्हणून पेव उघडलं की आधी दिवा सोडायचा, दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात घाई करून उतरलेला एक माळी वर आलाच नव्हता.

हैबतरावांनी झाकण उघडं ठेवलं होतं खरं, पण अन्नपाण्याची आठवण कुणी ठेवली नाही. महाराजांनी सगुणेला बोलावलं आणि सांगितलं की पहिली घागर पिंडीवर घाल, दुसरी पेवातल्या पाहुण्यांना दे.

सगुणेने घागर खाली ठेवली. ज्यांनी आपलं कपाळ पांढरं केलं, त्यांना पाणी? महाराजांना तिच्या मनातलं दिसलंच.

"सगुणे, हत्यार खाली ठेवलं की तो शिपाई राहत नाही. तहानलेला माणूस उरतो. तुझा धनी शेवटी तहानलेलाच गेला ना?"

बस्स. दुसऱ्या दिवसापासून सगुणा त्याच चेपलेल्या तांब्याला दोर बांधून पेवात सोडू लागली. खालून एक म्हातारा आवाज दर खेपेला म्हणायचा, "आधी जखमीला, मग आम्हांला." तांब्या रिकामा होऊन वर येई, पुन्हा भरून खाली जाई.

गावाला मात्र भारीच गंमत वाटली. पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या, "काय गं सगुणे, जावई उतरलेत वाटतं पेवात? पुरणपोळी कधी करतेस?" हैबतराव तर ठाण्याच्या ओट्यावरून चारचौघांत म्हणायचे, की हिचा नवरा रणात पडला, आता ही वैऱ्यांची सासूबाई झाली. आणि तिला पाठवणारा गोसावी काय, फुकटचं खाऊन दया शिकवतो!

हसणाऱ्या हैबतरावांच्या पोटातही एक आग होती. त्यांचा एकुलता एक मुलगा रायाजी पैलतीराला कैद झाला होता. जिवंत आहे की नाही, काहीच कळत नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी आवई उठली, पैलतीरचे स्वार नदी उतरून येत आहेत. गाव दारं लावून बसलं. सगुणा पेवाशी होती, तांब्या अर्ध्यावर गेला होता, तेवढ्यात हैबतराव माणसं घेऊन आले. कैद्यांनी ओरडून स्वारांना हाक मारली तर? झाकण घाला, वरून माती लिंपा, असा त्यांनी हुकूम सोडला.

सगुणा आडवी आली. "हवालदार, हवा मरंल आतली. माणसं हायती."

"माझा पोरगा पण माणूसच आहे," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी कोयत्याने दोर तोडला. तांब्या खाली गेला. कसा कोण जाणे, पडल्याचा आवाज आलाच नाही. आणि मग झाकणाची शिळा सरकली, ओल्या मातीचे थापे पडले.

सगुणा धावत सुटली. मठापर्यंतची चढण तिला कधी एवढी लांब वाटली नव्हती. प्रत्येक श्वासाला तिला वाटे, हा आपण घेतला, तेवढा त्यांचा कमी झाला. महाराजांच्या पुढ्यात ती कोसळली आणि कसंबसं सगळं सांगितलं.

महाराजांनी डोळे मिटले. "तांब्या भरलेला होता?"

"व्हय."

"मग पोचेल," महाराज म्हणाले आणि मठातला तेवता दिवा हातात घेऊन पेवाकडे चालू लागले.

पेवाशी हैबतराव उभेच होते. महाराजांनी त्यांना दरबारच्या दवंडीची आठवण करून दिली. धरलेल्या शिपायाला अन्नपाणी द्यावं, जखमीला औषध द्यावं, पंचांपुढे चौकशी झाल्याशिवाय त्याच्या केसालाही धक्का लावू नये, असं चावडीवर साऱ्या गावाने ऐकलं होतं.

"ती आज्ञा शांततेतली," हैबतराव गुरगुरले. "ही लढाई आहे."

"हैबती, शांततेत असे कैदी कुठून येतील? ती आज्ञा लढाईसाठीच काढली आहे बाबा."

हैबतराव हसले, पण जागचे हलले नाहीत. ऊन कलू लागलं. स्वारांचा पत्ता नव्हता. सगुणा लिंपलेल्या मातीला कान लावून बसली होती. आधी खालून ठोकल्याचे आवाज येत होते. मग विरळ झाले. मग थांबले. तिने महाराजांकडे पाहिलं. महाराजांच्या हातातला दिवा वाऱ्यातही सरळ जळत होता.

एवढ्यात घाटाला एक होडी लागली. स्वार नव्हेत, चार-दोन थकलेली माणसं, आणि सर्वांत पुढे रायाजी! हैबतरावांनी त्याला मिठी मारली आणि मग त्यांची नजर त्याच्या हाताकडे गेली. हातात तांब्या होता. एका अंगाने चेपलेला, काठाला डाक लावलेला.

रायाजी सांगू लागला. पैलतीराला त्याला कोरड्या आडात टाकलं होतं, कुणी पाणी देत नव्हतं. पण रोज एक तांब्या दोराने खाली यायचा. देणारणीचा चेहरा कधी दिसला नाही, नुसता पाणी भरून रापलेला हात दिसायचा. आज दुपारी दोर तुटला आणि तांब्या दगडावर असा दणाणला, की तिथून चाललेला त्यांचा सुभेदार थबकला. आडात डोकावून तो आपल्याच माणसांवर संतापला, कैद्यांना वर काढलं, पाणी दिलं, आणि पुन्हा हत्यार धरणार नाही अशी शपथ घ्यायला लावून सोडून दिलं.

हैबतरावांनी सगुणेच्या हाताकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर पडले आणि नखांनी माती खरवडू लागले. माणसं धावली, शिळा सरकली.

महाराजांनी आपला दिवा त्यांच्या हाती दिला. "रीत आहे. आधी दिवा सोड."

हैबतरावांनी दिव्याला दोर बांधला. दिवा काळोखात उतरला. ज्योत बारीक झाली, आणखी बारीक, निळ्या ठिपक्याएवढी. महाराज हलक्या आवाजात शिवनाम घेत होते.

आणि ज्योत उभी राहिली! तिच्या उजेडात पाच-सहा चेहरे वर पाहत होते. एक म्हातारा आवाज आला, "आधी जखमीला..."

हैबतराव हुंदका देऊन रडले. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून घागर आणली, सगुणेच्या तांब्याला नवा दोर बांधला आणि पाणी खाली सोडलं. शिपाई वर आले. जखमीला मठात निजवलं, बाकीच्यांना चावडीवर पंचांपुढे बसवलं, जेवू घालून.

मग हैबतराव महाराजांच्या पायांवर पडायला गेले. "महाराज, दोर मीच तोडला, आणि पोरगा माझाच सुटला. हे कसं?"

"दोर तू तोडलास, पण पाणी तिने सोडलं होतं," महाराज म्हणाले आणि पाय मागे घेतले. "माझ्यापुढे नको वाकूस."

तेव्हा ठाण्याचा तो हवालदार, ज्याच्यापुढे गाव मान खाली घालायचं, दारं उघडून जमलेल्या पाणवठ्यावरच्या बायकांदेखत सगुणा कोळणीपुढे वाकला. ती संकोचून मागे सरली आणि तांब्या पुढे करत म्हणाली, "घ्या, तुम्ही बी पाणी प्या. दुपारपासून उन्हात हायसा तुम्ही."

भाविकहो, नांदवळीत त्यानंतर कोणत्याही पेवात कैदी उतरवला गेला नाही. ही कथा ऐकून उठाल तेव्हा ज्याचा तुम्हांला सर्वांत जास्त राग येतो त्याला आधी पाणी विचारा. आनंदगीर महाराजांना तेवढाच नैवेद्य पोचतो.